विश्लेषण : बीडच्या काळ्या दगडाखाली तांबे, चांदी, सोने आहे का?

विहिरीत हिरवट थर लागला किंवा फोडलेल्या दगडातून चमकदार स्फटिक निघाले, की गावात तांब्या-सोन्याची चर्चा सुरू होते. धातूंचे भाव चढे असले की ती आणखी लवकर पसरते. बीड जिल्ह्यात खरेच असे काही सापडू शकते का? वर दिसणारा खडक आणि त्याच्या खाली दडलेला खडक, अशी या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे आहेत.

बीडचा खडक कोणता?

बीड जिल्हा जवळजवळ पूर्णपणे बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या दगडावर वसला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचले. यालाच डेक्कन ट्रॅप म्हणतात. हे थर आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. बालाघाटच्या डोंगररांगेतील सपाट माथे आणि पायऱ्यांसारखे उतार याच थरांचे.

मग हिरवा रंग आणि चमक कशाची?

लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ यांचे स्फटिक तयार होतात. पोकळीला आतून हिरवे अस्तर असते ते बहुतेक वेळा सेलॅडोनाइटचे. या खनिजाचा हिरवा रंग लोहामुळे येतो, तांब्यामुळे नाही. त्यामुळे नुसत्या रंगावरून धातू ठरवता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच लागते.

बेसॉल्टमध्ये तांबे अजिबात नसते?

असते, पण विखुरलेले. एक टन बेसॉल्टमध्ये साधारण 100 ते 200 ग्रॅम तांबे असते. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात हिंदुस्थान कॉपरची मलाजखंड खाण आहे. आपल्या बालाघाट रांगेशी तिचे फक्त नावाचे साम्य आहे. तिथल्या धातुकात तांब्याचे प्रमाण सुमारे 1 टक्का, म्हणजे टनामागे 10 किलो असते. हा फरक 50 ते 100 पटींचा झाला. सोन्याबाबत तो आणखी मोठा आहे. बेसॉल्टमध्ये सोने टनामागे काही मिलिग्रॅम असते, तर खाण परवडायला सहसा काही ग्रॅम लागतात. चांदी तर बहुधा इतर धातूंसोबतच मिळते. देशातील बहुतांश चांदी राजस्थानातील शिसे-जस्ताच्या खाणींतून येते.

खाण होण्यासाठी निसर्गाने धातू एका जागी गोळा करावा लागतो. लाव्हाच्या प्रदेशातही हे घडू शकते. रशियातील नोरिल्स्क येथे शिलारसाला वाटेत गंधक मिळाले, त्यात तांबे आणि निकेल गोळा झाले व मोठे साठे तयार झाले. डेक्कन ट्रॅपमध्ये असा मोठा साठा आजवर सापडलेला नाही.

बेसॉल्टच्या खाली काय आहे?

याचे उत्तर शेजारच्या लातूर जिल्ह्यातून मिळते. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत 617 मीटर खोल विंधन घेण्यात आले. त्यात 338 मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली 8 मीटर गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइटसारखा पट्टेदार, 250 कोटींहून अधिक वर्षे जुना खडक लागला. हे धारवाड भूभागाचे खडक आहेत. दक्षिणेला कर्नाटकात तेच उघडे पडतात आणि रायचूर जिल्ह्यातील हट्टीची सोन्याची खाण त्याच भूभागात आहे.

पण जुना खडक आहे म्हणजे सोने आहे, असे होत नाही. हट्टीचे सोने ठरावीक अरुंद पट्ट्यांत आहे. महाराष्ट्रातही चंद्रपूरमधील ठाणेवासना येथे तांब्याच्या खुणा मिळाल्या, कारण तिथे जुने खडक जमिनीलगत आहेत. बीडमध्ये त्यांच्यावर बेसॉल्टचे जाड झाकण आहे.

शोध घेतात कसा?

शोधाचे चार टप्पे असतात. पाहणीला जी 4, प्राथमिक शोधाला जी 3, सर्वसाधारण शोधाला जी 2 आणि सविस्तर शोधाला जी 1 म्हणतात. आधी नकाशे, माती व ओढ्यातील गाळाचे नमुने, गुरुत्व आणि चुंबकीय मोजणी होते. खुणा मिळाल्या तरच विंधन घेतले जाते. बीडमध्ये अडचण अशी, की वरची माती बेसॉल्टचीच असल्याने खालच्या धातूचा माग त्यात क्वचितच उमटतो. शिवाय बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय असल्याने मोजणीतील खालचे संकेत झाकले जातात. प्रत्येक विंधनात आधी शेकडो मीटर काळा दगड फोडावा लागतो, तो खर्च वेगळाच.

शेतात खनिज निघाले तर ते कुणाचे?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 नुसार खनिजांचा हक्क राज्य सरकारकडे राखीव आहे. खाणपट्टे आता लिलावाने दिले जातात. 2023 च्या कायदादुरुस्तीने तांबे, सोने, चांदी यांसह 29 खनिजांसाठी शोध परवान्याची वेगळी तरतूद झाली, कारण खोलवरच्या शोधात जोखीम मोठी असते. शोधकामात शेताचे नुकसान झाले, तर परवानाधारकाने भरपाई द्यायची असते.

त्यामुळे कुणी एखादा दगड दाखवून खाणीत भागीदारी देऊ करत असेल किंवा त्या नावाखाली कमी भावात जमीन मागत असेल, तर आधी कागद मागावा. परवाना खरा आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयातील खनिकर्म विभागात विचारता येते. वेगळा वाटणारा दगड सापडला, तर जागा व खोली लिहून ठेवावी आणि नागपूरच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाकडे चौकशी करावी. तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत जमिनीच्या कोणत्याही कागदावर सही करू नये.