कंटाळा येतो, असं सांगावं का?

‘तेच तेच काम करून कंटाळा नाही येणार?’ असं मुलाखतीत विचारलं की बहुतेक उमेदवार घाईघाईने म्हणतात, ‘छे, मला कंटाळा येतच नाही.’ यावर विश्वास कोण ठेवणार? कंटाळा म्हणजे आळशीपणा, ही आपली जुनी समजूत. म्हणून तो लपवायचा. पण दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर पाणबुडीची अंधूक खूण तासन्‌तास शोधणाऱ्या ब्रिटिश हवाई दलातल्या माणसांच्या नजरेतूनही खुणा निसटत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्याचं कारण शोधायला आकडे नसलेलं घड्याळ घेतलं. काटा सेकंदाला एक टप्पा सरकायचा, क्वचित एकदम दोन, तेवढं ओळखायचं. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अर्ध्या तासातच चुका वाढलेल्या दिसल्या. ही माणसं कामचुकार नव्हती. अर्ध्या तासाने विश्रांती मिळाली, किंवा ‘ही खूण हुकली’ असं लगेच कळलं, की त्यांचं लक्ष टिकायचं.

म्हणून कंटाळा कबूल करावा, आणि तो आल्यावर काम कसं सांभाळता तेही सांगावं. ‘दुपारी तीननंतर पावत्या जुळवताना माझं लक्ष उडतं; म्हणून मोठ्या रकमा सकाळीच तपासते, आणि पन्नास पावत्या झाल्या की बेरजेचा ताळा घेऊनच पुढचा गठ्ठा उघडते,’ असं सांगणारी हिशेबनीस भरवशाची वाटते. अशा कबुलीने नोकरी हुकेल, ही भीती अगदीच खोटी नाही. नुसतं ‘कंटाळा येतो’ म्हणून थांबलं, तर ती हुकेलच. ‘प्रेरणा कशाने मिळते?’ या प्रश्नालाही पाठ केलेलं उत्तर चालत नाही. पगारासाठी काम करण्यात लाज कसली? पण पगार महिन्यातून एकदा येतो, कंटाळा रोज दुपारी. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट यांनी शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही मिनिटं भेट घडवली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून अधिक झाला होता. आपलं काम कुणापर्यंत पोचतं, हे ठाऊक असलेला माणूस पाट्या टाकत नाही. मग कंटाळवाणं काम सुसह्य करणं ही मालकाची जबाबदारी नाही का? आहेच. म्हणूनच उमेदवारानेही संकोच न करता विचारावं, ‘माझं काम बरोबर होतंय की चुकतंय, हे इथे मला कोण सांगेल, आणि किती दिवसांनी?’