चित्राची अक्षरे

आमच्या शाळेच्या जुन्या हस्तलिखित अंकांची पाने संगणकावर ठेवण्याचे काम गेल्या वर्षी आम्ही हाती घेतले. एका विद्यार्थिनीने पानाचे छायाचित्र माहितीच्या फाइलमध्ये घातले, आणि पडद्यावर रोमन अक्षरे व आकडे यांच्या ओळीच्या ओळी उमटल्या. ती आनंदाने म्हणाली, "सर, चित्राची अक्षरे झाली! आता यात कविता शोधता येतील ना?" उत्तर देण्यासाठी मला फळ्याकडे वळावे लागले.

या पद्धतीला 'बेस-६४' म्हणतात. जुनी ई-मेल व्यवस्था साध्या इंग्रजी मजकुरासाठी आखलेली होती; चित्राचे बाइट तिच्यातून जसेच्या तसे पोहोचत नसत. म्हणून १९९२ च्या 'माइम' मानकात ही पद्धत घेतली गेली. आजही 'जेसन'सारख्या, केवळ मजकूर सामावणाऱ्या रचनेतून चित्र पाठवायचे तर तीच कामी येते.

रीत सोपी आहे. तीन बाइट म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट करायचे. सहा बिटांत ० ते ६३ एवढ्याच संख्या बसतात. प्रत्येक संख्येला एक चिन्ह ठरलेले आहे : २६ मोठी रोमन अक्षरे, २६ लहान, १० अंक, अधिकचे चिन्ह आणि तिरपी रेघ. शेवटच्या गटात बाइट कमी पडले, तर बरोबरीचे चिन्ह लावून जागा भरतात.

मी फळ्यावर 'म' लिहिला. यूटीएफ-८ पद्धतीत 'म' म्हणजे २२४, १६४ आणि १७४ हे तीन बाइट. त्यांचे गट पाडले की ५६, १०, १८, ४६ या संख्या मिळतात. तक्त्याप्रमाणे अंक चार, मोठा के, मोठा एस आणि लहान यू. हीच चार चिन्हे उलटवली की 'म' परत मिळतो. छायाचित्राचे बाइट मात्र रंगांच्या ठिपक्यांची माहिती सांगतात. तीही उलटवता येते, पण हाती येते ते 'म' चे चित्र. 'म' हे अक्षर नव्हे.

आणखी दोन गोष्टी मी सांगितल्या. तीन बाइटांची चार चिन्हे होत असल्याने आकार एक तृतीयांशाने वाढतो. ३०० केबीचे चित्र ४०० केबीचे होते. शिवाय हे कुलूप नव्हे. तो मजकूर कोणालाही उलटवता येतो, म्हणून खासगी कागद त्यात सुरक्षित राहत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मुलांनी कविता युनिकोडमध्ये टंकायला घेतल्या. आता प्रत्येक पानाच्या चित्राशेजारी त्याचा टंकलेला मजकूर असतो. हस्ताक्षर चित्रात पाहावे, कविता मजकुरात शोधावी.