जुना रेझर आणि लिलावाची बोली

अमेरिकेंतील जुन्या चीजवस्तूंच्या दुकानांत, कांचेच्या कपाटामध्यें, दाढीचा एखादा जुना रेझर बहुधा असतोच. पूर्वी दुकानदार त्याची किंमत अदमासानें सांगे. कधीं तो ठके, कधीं गिऱ्हाईक. १९९५ सालीं पियर ओमिद्यार यांनीं इंटरनेटवर लिलावाची पेठ उघडली. तीच पुढें ‘ईबे’ नांवानें प्रसिद्धीस आली. आतां पुष्कळ दुकानदार तेथील आंकडा पाहून मगच मालावर चिठ्ठी लावतात.

प्रश्न इतकाच, कीं पाहतात तो आंकडा कोणता? मागितलेली किंमत निराळी आणि माल विकला जाऊन आलेली किंमत निराळी. मागणारा वाटेल तें मागेल! विकल्या मालाची यादी तेथें वेगळी पाहावयास मिळते. ती पाहण्याची तसदी जो घेत नाहीं, त्याचा रेझर कपाटांत धूळ खात पडण्याचाच संभव अधिक.

परंतु विकल्या मालाचा आंकडाही जसाच्या तसा धरणें शहाणपणाचें नव्हे. ही किंमत ठरते दोघां हौशी माणसांच्या चुरशीनें. जिंकणारा आपली कमाल रक्कम आधीं नोंदवितो. द्यावी मात्र लागते ती दुसऱ्याच्या बोलीहून किंचित् अधिक. ते दोघे तृप्त होऊन गेले, कीं तसाच रेझर पुढच्या आठवड्यास बराच स्वस्त जाऊं शकतो.

जिलेट कंपनीचा ‘फॅटबॉय’ घ्या. १९५८ ते १९६१ या काळांत निघालेल्या या जाड मुठीच्या रेझरला १ ते ९ आंकड्यांचें कडें असतें. तें फिरवून पात्याची धार किती लागावी हें ठरवितां येतें. मुलामा शाबूत, मूळ पेटी सोबत, अशा नगास आलेली किंमत मुलामा उडालेल्या व झडपा वाकलेल्या नगास कशी लागू पडावी? येथें दुकानाचा खरा फायदा आहे. रेझर हातांत घेऊन झडपा सारख्या मिटतात कीं नाहीं तें पाहतां येतें. खालच्या बाजूची खूणही वाचतां येते: अक्षरावरून साल आणि अंकावरून तिमाही. लिलावांत छायाचित्रावर विसंबावयाचें, आणि टपालखर्च बहुधा वर! म्हणून चांगल्या नगाला दुकानदारानें लिलावाइतकी किंमत सांगितली, तर ती अवाजवी म्हणतां येणार नाहीं.

आजोबांच्या सामानांत निघालेला रेझर विकणाऱ्या नातवाला आतां चार पैशांवर बोळविणें कठीण झालें, हें ठीकच झालें. गिऱ्हाइकाला घबाड मिळण्याचा योग मात्र दुर्मिळ झाला. ज्याला केवळ दाढीच करावयाची आहे, त्यानें गाजलेल्या नांवामागें लागूं नये; जिलेटचे साधे जुने रेझरही आज मिळणाऱ्या दुधारी पात्यांवर उत्तम चालतात. घासाघीस करतांना नुसता आंकडा दुकानदारापुढें धरण्यापेक्षां, त्या किमतीला गेलेला नग आणि हातांतला नग यांतील फरक त्याला दाखविलेला अधिक उपयोगी पडतो.