बेगमी : मूठभर धान्याची आणि जुन्या कागदांची

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत देशाचे सर्व व्यवहार थांबले. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. कारणे वेगवेगळी, परंतु घरातल्या माउलीपुढचा प्रश्न एकच होता, आज चुलीवर काय ठेवायचे? ज्यांचे पोट हातावर आहे, त्यांच्या घरी हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी उभा राहतो.

बंधु-भगिनींनो, "घरात साठा ठेवा" असे सांगितले की भगिनी म्हणतात, "साठवायला आधी उरायला तर हवे!" हे म्हणणे अगदी खरे आहे. महिन्याभराचा किराणा एकदम भरून ठेवा, हा सल्ला आमच्या मते पगारदारांच्या कामाचा, मजुराच्या नव्हे. म्हणून हळूहळू कसे जमेल तेच येथे पाहू.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धान्य व ७० ग्रॅम डाळ धरली, तर पाच माणसांच्या घराला आठवड्याला १४ किलो धान्य आणि सुमारे अडीच किलो डाळ लागते. एकदम आणायचे म्हटले तर अंगावर काटा येतो. परंतु दोन्ही वेळच्या स्वयंपाकाआधी एकेक मूठ तांदूळ किंवा ज्वारी वेगळ्या डब्यात टाकली, मूठ ५० ग्रॅमची धरली, तर महिन्याला तीन किलो होतात. जानेवारीत सुरुवात केली तर मेअखेर, म्हणजे पावसाच्या तोंडावर, १५ किलो धान्य घरात असते. डाळ दर पंधरवड्याला पाव किलो जास्त आणावी. तेवढ्याच काळात अडीच किलो होते. मात्र ही मूठ मुलांच्या ताटातून काढायची नाही आणि घरातल्या बाईने अर्धपोटी राहून तर मुळीच नाही. ज्या दिवशी काम मिळाले नाही त्या दिवशी मूठ चुकली तरी चालेल; मजुरी हातात पडली की दोन टाकाव्यात.

साठवलेले धान्य शोभेसाठी ठेवू नये. दर महिन्याला डब्यातले जुने खायला काढावे व नवे भरावे, म्हणजे किडा लागत नाही. धान्य कडक उन्हात वाळवून त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावावा, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच. पीठ फार दळून ठेवू नये. बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडू होते. पण वीज गेली की गिरणीही बंद पडते, म्हणून चार दिवसांपुरते ज्वारीचे पीठ असू द्यावे.

पुरात चूलही भिजते आणि गॅसही संपतो. तेव्हा न शिजवता खाता येईल असे काही हवेच : पोहे, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ. माणशी दिवसाला चार लिटर तरी पिण्या-स्वयंपाकाचे पाणी झाकून ठेवावे, पुरानंतरचे पाणी उकळूनच प्यावे. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे आणि दवाखाना गाठावा. हे सारे सामान जमिनीलगत नको, माळ्यावर हवे.

धान्य पुन्हा मिळते. काही कागद मात्र पुन्हा मिळत नाहीत. याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते. रेशनकार्ड, आधार यांची दुसरी प्रत निघते. परंतु अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी व पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. तो पुरावा म्हणजे बहुधा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातली नक्कल. असा पिवळा पडलेला एखादा कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी असतो, आणि पाणी प्रथम तळाशीच शिरते. मूळ नोंदवही जीर्ण झाली असेल, शाळा बंद पडली असेल, तर नातवाची शिष्यवृत्ती आणि नातीचा राखीव जागेवरचा प्रवेश त्या एका कागदावर अडतो. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीची घरे कोसळली, तेव्हा पेट्याही ढिगाऱ्याखालीच गेल्या.

म्हणून हे कागद दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दाराजवळ उंच खुंटीला टांगावेत, उचलून निघता येईल असे. त्यांच्या साक्षांकित प्रती काढाव्यात, फोनमध्ये छायाचित्रे घ्यावीत आणि एक संच दुसऱ्या गावच्या बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवावा. त्यांचा संच आपल्याकडे ठेवावा.