पागोळीसाठी घडलेला दगड

वास्तू आणि पाऊस यांचे नाते शिल्पात कसे उतरले हे समजून घ्यायचे, तर मूर्तींच्या आधी छपराची कड पाहावी लागते, कारण भिंतीचे आयुष्य तिथे ठरते. वर्धा जिल्ह्यात, नागपूर-अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) ज्या मुलखात आहे, तिथल्या जुन्या मातीच्या घरांवरचे कवेलू भिंतीच्या बरेच पुढे आणलेले असतात, ते पागोळ्या, म्हणजे वळचणीवरून सुटणाऱ्या धारा, जोत्यापासून लांब पडाव्यात म्हणून.

चुन्याशिवाय, दगडात दगड गुंतवून बांधलेल्या हेमाडपंती देवळांत हीच वळचण पाषाणाची होते. शिल्पशास्त्रात खांबांवरून पुढे झुकणाऱ्या या उतरत्या छज्ज्याला खुरछाद्य म्हणतात. दगडाची कड सपाट ठेवली, तर पाणी तिला चिकटून खालच्या अंगाने भिंतीकडे सरकते. ती खाली वळवून धारदार केली, की थेंब तिथेच लोंबतो, जड होतो आणि सुटतो. जोत्याच्या थरांतही हीच युक्ती दिसते: जाड्यकुंभ हा उतरता थर पाणी बाहेर लोटतो आणि त्यावरची कर्णिका, म्हणजे सुरीच्या पात्यासारखी पुढे आलेली कड, ते तोडते. या थरांना नुसती नक्षी म्हणणे हा त्या पाथरवटांवर अन्याय आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली या कडांवर सिमेंट लिंपले जाते, तेव्हा सौंदर्याबरोबर भिंतीचे संरक्षणही बुजते, ही खरोखर दुःखाची गोष्ट आहे.

गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या पन्हळीला मगरीसारख्या मकराचे तोंड देतात. तिला मकरप्रणाल म्हणतात. वाहत्या पाण्याला मुख असावे, ही कल्पना लोणारच्या गोमुख धारेच्या नावातही आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात कृष्णाकाठी खिद्रापूरला, शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिरात, मात्र पाऊस टाळलेला नाही. तिथल्या स्वर्गमंडपाचे छत मधोमध वर्तुळाकार उघडे आहे आणि ते 12 खांबांच्या कड्यावर तोललेले आहे. होमाचा धूर जावा म्हणून ते उघडे ठेवले, असे सांगतात. मंडपात आठ दिशांचे रक्षक, अष्टदिक्पाल, कोरलेले आहेत, आणि त्यांत जलाचा अधिपती वरुणही आहे. आषाढात या गोल आभाळातून उतरणारी सर खालच्या तेवढ्याच गोल रंगशिलेवर पडते, शिळा काळीभोर होते, आणि भोवतालचे खांब त्या ओल्या दगडात उलटे उभे राहतात.