दूरची सोयरीक

नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरेचा पूल ओलांडला की कोल्हार लागतं. बाहेरच्या माणसाला हे गाव ठाऊक असतं ते भगवतीमातेच्या देवळामुळे, नाहीतर शिर्डीला जाताना चहाला थांबतात म्हणून. शेजारी लोणी, विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी साखर कारखान्याचं. राहाता, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या पट्ट्यात गावोगाव ख्रिस्ती घरं आहेत, हे मात्र पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहसा माहीत नसतं. कॅथलिकांची गर्दी पाहायची तर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जावं. प्रोटेस्टंट मंडळी अशी एका जागी दिसत नाही. त्यातले बरेचजण ‘सीएनआय’चे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. कोल्हारचा मुलूख या चर्चच्या नाशिक धर्मप्रांतात मोडतो.

सीएनआय स्थापन झालं नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, सहा निरनिराळ्या चर्चेस एकत्र येऊन. त्यांतलं एक अँग्लिकन होतं. त्यामुळे इथल्या मंडळीचं नातं आजही जगभरच्या अँग्लिकनांशी आहे, आणि त्या नात्यात एक जुनी रीत आहे. दोन देशांतले दोन धर्मप्रांत, कधी दोन साधी गावठाणातली चर्चेस, एकमेकांशी दुवा जोडतात. म्हटलं तर ही सोयरीकच. रविवारच्या उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना सुरू झाली की पाळकसाहेब गावातल्या आजाऱ्यांची नावं घेतात, बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या पोरांची घेतात, पाऊस मागतात, आणि त्याच दमात सातासमुद्रापलीकडच्या मंडळीचं नाव घेतात. तिकडे यांचं घेतलं जातं. शिवाय जगातल्या प्रत्येक अँग्लिकन धर्मप्रांताचं नाव एकेका दिवसाला लावलेलं प्रार्थनेचं एक कालचक्र आहे, त्यात नाशिकचीही पाळी येते. इंग्लंडमधल्या डर्बी धर्मप्रांताने तर एखाद्या प्रांतापुरता न राहता अख्ख्या सीएनआयशी दुवा जोडला.

प्रार्थनेमागून पत्रं येतात, पत्रांमागून पाहुणे, आणि पाहुण्यांमागून पैसा. सोयरीक अवघड होते ती इथे.

नगर जिल्ह्यात अँग्लिकन काम उभं केलं ते लंडनच्या ‘एसपीजी’ने. १७०१ साली स्थापन झालेली ही संस्था आज ‘यूएसपीजी’ नावाने चालते. देणारे तिकडचे, घेणारे इकडचे, हा हिशेब तेव्हा इतका पक्का होता की तो कुणाला खटकतही नसे. पण नाशिक-नगरचा इतिहास उघडला की माल उलट दिशेनेही गेलेला दिसतो.

नाशिकचं शरणपूर घ्या. १८५४च्या सुमारास विल्यम प्राइस या मिशनऱ्याने ते वसवलं. अरबी गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी गुलाम मुलं मुंबईला उतरवली जात, त्यांतली कित्येक इथे येत. सुतारकाम, लोहारकाम, अक्षरओळख नाशिकला झालेली ही मुलं पुढे आफ्रिकेत परतली. त्यांतला जेकब वेनराइट. आफ्रिका पालथी घालणारा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली वारला तेव्हा त्याच्यासाठी दफनविधीची प्रार्थना वाचली ती या नाशिककर पोराने. पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांतही तो होता. १८७५ साली प्राइसने मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत उभारली आणि तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव दिलं, फ्रियरटाउन. तिचा कणा होते ते नाशिकहून गेलेले लोक. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर या त्यांच्यातल्या दोघांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनने दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला, आणि उरलेला तांडा किनाऱ्याला परत आणला तो जोन्सनेच. केनियातल्या अँग्लिकन चर्चच्या पायात नाशिकचा दगड आहे, असं म्हटलं तर ती बढाई ठरू नये.

नगरचंही तसंच. एसपीजीचे जॅक विन्स्लो इथे आले आणि मिशन बंगल्यातल्या राहणीने अस्वस्थ झाले. साहेब व्हरांड्यात आणि पाळक पायरीवर, अशाने बंधुभाव कसला पोसायचा? ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचं त्यांना फार अप्रूप होतं. त्यांचं इंग्रजी चरित्रही विन्स्लोंनीच लिहिलं. १९२२ साली त्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला. खादी, शाकाहारी जेवण, जमिनीवर बैठक, भजन, आणि इंग्रज-हिंदी सभासद एका पंगतीला. संघ पुढे पुण्याला शिवाजीनगरला गेला. तिथे आलेला व्हेरियर एल्विन नंतर आदिवासींचा झाला, तो वेगळाच प्रवास. पण दुसरा एक तरुण, आल्जी रॉबर्टसन, आजारी पडून मायदेशी परतला तो संघाची जीवनरीत सोबत घेऊन. इंग्लंडमधल्या अशाच एका बंधुसंघाशी त्याने ती जोडली आणि १९३७ च्या सुमारास तिथली फ्रान्सिस्कन संघटना, सोसायटी ऑफ सेंट फ्रान्सिस, आकाराला आली. त्याच काळात पाथर्डीकडच्या मिरी गावात राबलेले फिलिप लॉइड १९२९ मध्ये नाशिकचे पहिले बिशप झाले आणि नंतर इंग्लंडात सेंट ऑल्बन्सच्या गादीवर बसले. म्हणजे नगरी बाजरीच्या भाकरीवर वाढलेला बिशप इंग्रजांनी मागवून घेतला!

सगळंच असं गोड नव्हतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे झाला. पुण्यात काम करणाऱ्या भगिनी या वाँटेजच्याच. रमाबाई पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकवायला लागल्या, तेव्हा त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं का, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी नकार कळवला. रमाबाईंनी जी उत्तरं लिहिली ती १९७७ साली पुस्तकरूपाने छापली गेली. मराठी माणसाने ती एकदा वाचावीत. मदत घेतली म्हणून बुद्धी गहाण टाकलेली नाही, हे इतक्या सभ्य शब्दांत क्वचितच कुणी सुनावलं असेल. हीच तक्रार १९१० मध्ये एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत भारतीय पाळक अझराया यांनी भर सभेत मांडली: तुम्ही धन दिलंत, देह झिजवलात, आता मित्र द्या. दोन वर्षांनी ते अँग्लिकनांचे पहिले भारतीय बिशप झाले.

चर्चच्या कागदावर हे उतरायला १९६३ उजाडावं लागलं. टोरंटोच्या अँग्लिकन काँग्रेसमध्ये एक जाहीरनामा निघाला, देणारी चर्चेस आणि घेणारी चर्चेस ही विभागणी मोडून परस्पर जबाबदारीने वागण्याचा. आजच्या दुव्यांची रीत बरीचशी तिथून पुढे वाढली. पण त्याच जाहीरनाम्यात पाच वर्षांत दीड कोटी डॉलर उभे करण्याचंही ठरलं, आणि झालं काय, तर धर्मप्रांतांनी आपापल्या गरजांच्या याद्या छापल्या आणि श्रीमंतांनी त्यांतून निवड केली. मैत्रीचा कॅटलॉग झाला.

तरी कोल्हारच्या बाजूच्या ख्रिस्ती घराला विचाराल तर तो पैसा वाया गेला असं कुणी म्हणणार नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं, प्रवरेचे कालवे आले, ऊस आला. पण पाणी त्याचं, ज्याची जमीन. ख्रिस्ती झालेले बहुतेक पूर्वाश्रमीचे अस्पृश्य, म्हणजे भूमिहीन. त्यात १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती बाहेरच राहिले. महाराष्ट्रात त्यांची गणना ओबीसीत होते. एकाच आज्याची नातवंडं, एकाच आळीत राहणारी. बौद्ध नातवाला जी शिष्यवृत्ती आणि वसतिगृह मिळतं त्यावर ख्रिस्ती नातवाचा हक्क नाही. म्हणून मिशनचं बोर्डिंग. या भागातले किती मास्तर, नर्सा, एसटीचे कंडक्टर त्या बोर्डिंगच्या आमटी-भाकरीवर शिकले, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

आता ही वाट अरुंद झाली आहे. परकीय देणग्यांचा कायदा १९७६ पासून आहे, २०१० मध्ये नवा झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने चांगलाच आवळला. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतच उतरायला हवा. एका संस्थेला आलेली रक्कम दुसरीकडे वळवता येत नाही. कार्यालयीन खर्च वीस टक्क्यांच्या आत. भेटीला आलेल्या इंग्रज पाहुण्याने चर्चच्या छपरासाठी पाळकसाहेबांच्या हाती पाकीट ठेवलं तरी नोंदणी नसलेल्या चर्चला ते घेता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये गृहमंत्रालयाने ज्या संस्थांची नोंदणी रद्द केली त्यांत सीएनआयचं समाजसेवा मंडळही होतं. परदेशी पैशाचा हिशेब सरकारने मागावा, यात मला गैर वाटत नाही. पण दिल्लीच्या सहीची वाट पाहण्याइतकं बळ गावच्या मंडळीत नसतं.

मग गावची मंडळी आपलं आपण पाहते. हंगामाच्या सणाला वेदीपुढे बाजरीची पायली, नारळ, ऊस, पाय बांधलेली कोंबडी येऊन पडते आणि उपासना संपली की लिलाव लागतो. कोंबडी बाजारभावाच्या कितीतरी पट चढते. घेणारा पैसे भरतो, कोंबडी पुन्हा दानात देतो, पुन्हा बोली. त्याच कोंबडीवर चर्चचा रंग निघतो. परकीय देणगीचा एकही फॉर्म लागत नाही.

आणि दुवा? माझ्या हाती असतं तर नाशिक धर्मप्रांताची सोयरीक मी इंग्लंडआधी मोंबासाशी केली असती. पूर्वज सामाईक, दुष्काळाची ओळख दोघांना, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या छपराचा खर्च उचलण्याच्या स्थितीत नाही. पत्र लिहिताना गरजांची यादी जोडायचा मोहच होणार नाही.