यंत्राआधीं माणूस

गडचांदूर म्हटलें कीं लोकांस सिमेंट आठवतें, आणि चंद्रपूर म्हटलें कीं कोळसा व वीज. ह्या तिहींवर आमच्या भागांतील असंख्य घरांच्या चुली पेटतात. परंतु यंत्रांसहि आयुर्मर्यादा असते. चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत्केंद्राचा पहिला संच १९८३ सालीं सुरू झाला. आरंभींचे २१० मेगावॉटचे दोन संच आतां कायमचे बंद झाले आहेत. आज आठवींत बसणारा मुलगा पस्तिशीस येईल तेव्हां त्याच्या हातांस कोणतें काम असेल, हा प्रश्न प्रत्येक विचारी कुटुंबानें आजच स्वतःस विचारावा, असें आम्हांस वाटतें.

त्याचें एक उत्तर अणुविजेच्या बाजूनें येत आहे. केंद्र सरकारनें २०२५ च्या अर्थसंकल्पांत, २०४७ पर्यंत देशाची अणुविजेची क्षमता एक लक्ष मेगावॉटपर्यंत नेण्याचा संकल्प जाहीर केला. त्या वेळीं ती नऊ हजारांच्याहि आंतच होती. पैसा उभारतां येईल, यंत्रें घडवितां अगर विकत आणतां येतील; पण तीं चालविणारीं माणसें कोठून आणावयाचीं?

डॉ. होमी भाभा यांस हा प्रश्न फार पूर्वीं पडला होता. मार्च १९४४ मध्यें त्यांनीं सर दोराबजी टाटा न्यासास पत्र लिहून संशोधनसंस्थेची मागणी केली. वीसएक वर्षांनीं अणूपासून वीज होऊं लागेल, तेव्हां आपणांस तज्ज्ञांसाठीं परदेशाकडे पाहावें लागूं नये, असा त्या पत्राचा आशय होता. त्या वेळीं हिरोशिमावर बाँबहि पडला नव्हता! १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधनसंस्था निघाली. १९५६ च्या ऑगस्टांत ट्रॉम्बे येथें ‘अप्सरा’ अणुभट्टी चालूं लागली. आणि १९५७ सालीं तेथेंच प्रशिक्षणशाळा उघडली. तारापूरची वीज आली ती १९६९ सालीं. म्हणजे शाळा आधीं, आणि वीज बारा वर्षांनीं! ह्या दूरदृष्टीचें फळ पुढें मिळालें. १९७४ च्या पोखरण-चांचणीनंतर कॅनडानें साहाय्याचा हात आंखडता घेतला, तेव्हां राजस्थानांतील दुसरी अणुभट्टी आपल्याच अभियंत्यांनीं पुरी केली.

उलट उदाहरण फ्रान्सचें. अणुविद्येंत अग्रेसर असलेल्या ह्या देशानें फ्लामांव्हिल येथें २००७ सालीं नवी अणुभट्टी बांधावयास घेतली. ती पांच वर्षांत पुरी व्हावयाची. पण तिची वीज मिळावयास २०२४ चा डिसेंबर उजाडला. वाफेच्या नळांचे सांधे सदोष निघून पुन्हा करावे लागले. २०१९ सालीं झालेल्या चौकशींत, मध्यंतरीं नवें बांधकाम न झाल्यामुळें कौशल्यच हरपलें, हें विलंबाचें एक मोठें कारण ठरलें. रत्नागिरी जिल्ह्यांतील जैतापुरास योजिलेल्या अणुभट्ट्या ह्याच जातीच्या आहेत, हें आपण ध्यानांत ठेविलें पाहिजे. पाठांतराप्रमाणें कौशल्यासहि आवृत्ति लागते. ती थांबली कीं विद्या विस्मरणांत जाते.

आतां कोणी म्हणेल, आमच्या जंगलपट्टीशीं ह्याचा संबंध काय? संबंध असा कीं, अणुकेंद्रांत उष्णता अणुभट्टींत उत्पन्न होत असली, तरी पुढची वाफ, टर्बाइन आणि जनित्र हीं चंद्रपुरासारखींच असतात. आमच्या जिल्ह्यांतील कसलेला फिटर अर्धी वाट चाललेलाच आहे. उरलेली अर्धी वाट मात्र कठीण. किरणोत्साराची मात्रा मोजून काम करणें, प्रत्येक सांध्याची तपासणी करणें, लहानसहान दुरुस्तीचीहि नोंद ठेवणें, ही शिस्त अंगीं मुरावी लागते. अणुकेंद्रें आय.टी.आय. अथवा बारावी शास्त्र झालेल्यांस, तसेंच पदविकाधारक व बी.एस्‌सी. झालेल्यांस विद्यावेतन देऊन दीड-दोन वर्षें शिकवितात. नियंत्रणकक्षांत बसणारास तर परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. आठवींतील मुलगा त्या खुर्चीपर्यंत पोहोंचावयास दहा-बारा वर्षें लागणारच.

म्हणून सरकारनें आतांच धंदेवार व सालवार हिशेब मांडावा. वेल्डर किती, विद्युत्‌तंत्री किती, किरणसुरक्षेचे जाणकार किती, आणि निवृत्त होणारांच्या जागीं किती लागतील? बांधकामास कांहीं वर्षें हजारों हात लागतात, पुढें केंद्र चालविण्यास त्याहून पुष्कळ थोडे. तेव्हां बांधणारांची पुढील सोयहि आधींच योजिली पाहिजे. माणसें कमी पडलीं तर काम अडतें, आणि अदमास न घेतां शिकविलीं तर हातीं प्रमाणपत्र घेऊन तरुण घरीं बसतात. राजुरा-कोरपन्याकडील आय.टी.आय. ह्या हिशेबांत धरल्या नाहींत, तर आमच्या मुलांच्या वांट्यास केवळ माती उपसण्याचें काम यावयाचें.

आणि कुटुंबांनीं काय करावें? आपल्या सुशिक्षित घरांत अभियंत्याची पदवी देवघरांत ठेवण्याजोगी, तर वेल्डरचें काम उंबरठ्याबाहेरचें, असा एक समज रुजला आहे. तो सोडावा, अशी आमची वडील मंडळींस विनंति आहे. निर्दोष सांधा जोडणारा हात हा शास्त्र जाणणारा हात होय. फ्रान्सचें काम अडलें तें ह्या हातावांचून. ज्या मुलामुलींस गणितांत गति व हातांत स्थैर्य आहे, त्यांस हा मार्ग आठवी-नववींतच दाखवावा. झाडाची सावली हवी असेल तर रोप आज लावावें लागतें. माणसाच्या बाबतींत तर तें कालच लावावयास हवें होतें.